पाकिस्तानातली उर्दू, इंग्रजी आणि मातृभाषा: सिंधी टिकली, पंजाबी का मागे पडली?

नीरजा_प

पाकिस्तानच्या भाषाप्रश्नाची चर्चा आपल्याकडे ढाक्यापासून सुरू होते आणि १९७१ ला संपते. उरलेल्या पाकिस्तानात त्यानंतर भाषांचं काय झालं, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. गेली काही वर्षं मी या विषयावर जमेल तसं वाचते आहे. मला जे दिसलं ते मांडते. जाणकारांनी भर घालावी.

आधी आकडे. २०२३ च्या जनगणनेत पंजाबी मातृभाषा सांगणारे सुमारे ३७ टक्के, पश्तू १८, सिंधी १४, सराईकी १२. उर्दू सांगणारे ९ टक्क्यांच्या आसपास. २०१७ मध्ये हाच आकडा ७ टक्के होता. म्हणजे राष्ट्रभाषा दहातल्या एकाचीही घरची भाषा नाही. आणि ज्या भाषेत वरच्या कोर्टाचे निकाल लिहिले जातात, केंद्रीय सेवांची परीक्षा होते, ती इंग्रजी तर जवळजवळ कोणाच्याच घरची नाही.

१९७३ च्या घटनेत कलम २५१ आहे. राष्ट्रभाषा उर्दू, आणि पंधरा वर्षांत तिचा सरकारी कामात वापर सुरू होईल अशी व्यवस्था करायची. तोवर इंग्रजी चालेल. (आपल्या ३४३ व्या कलमातही हिंदीला पंधराच वर्षं दिली होती.) ती मुदत १९८८ मध्ये संपली. १९७९ मध्ये त्यासाठी 'मुक्तदरा कौमी जबान' ही संस्था उभी राहिली. तिने शब्दकोश केले, परिभाषा केली, पण कचेरीतली फाइल इंग्रजीतच राहिली. ८ सप्टेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश जव्वाद ख्वाजा असताना, कलम २५१ ताबडतोब अमलात आणा असा निकाल दिला, तोही उर्दूत. त्यानंतरही वरचा कारभार इंग्रजीतूनच चालू आहे.

पण मला खरं बोलायचंय ते सिंधी आणि पंजाबीबद्दल.

पंजाबी ही देशातली सगळ्यांत मोठी भाषा. फौजेत, नोकरशाहीत, राजकारणात तिचे बोलणारे सगळ्यांत पुढे. तरीही लाहोरच्या सरकारी शाळेत मूल पहिलीपासून पंजाबी वाचायला शिकत नाही. बुल्ले शाह आणि वारिस शाह लोकांच्या तोंडी आहेत, पण छापील पंजाबी पान शिकलेल्या माणसालाही अडखळत वाचावं लागतं. उलट सिंधी बोलणारे त्यांच्या निम्म्याहूनही कमी. तरी सिंधीत रोजची वर्तमानपत्रं निघतात, वाहिन्या आहेत, सिंधी माध्यमाच्या शाळा आहेत, मॅट्रिक सिंधीतून होता येतं.

हे कशामुळे? माझ्या मते उत्तर १८५० च्या दशकात आहे, आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. इंग्रजांनी सिंध १८४३ मध्ये जिंकला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कानडी अशा लोकभाषांतून खालचा कारभार आणि शाळा चालवायची पद्धत बसत होती. तोच नियम सिंधला लागला. कमिशनर बार्टल फ्रियर, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याने अधिकाऱ्यांना सिंधीची परीक्षा सक्तीची केली. १८५३ मध्ये अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरली, पाठ्यपुस्तकं छापली गेली, कचेऱ्या सिंधीत चालू लागल्या. पंजाब १८४९ मध्ये घेतला तेव्हा तिथे उत्तर हिंदुस्थानात काम केलेले अधिकारी आणि कारकून आले, आणि त्यांच्याबरोबर उर्दू आली. कोर्ट, शाळा, पोलीस ठाणं, सगळं उर्दूत. पंजाबीला कचेरी कधी मिळालीच नाही. नंतर पंजाबी मुसलमान सुशिक्षितांनी उर्दू मनापासून आपली केली. इक्बाल, फैज, मंटो हे सगळे पंजाबात वाढलेले, लिहिलं मात्र उर्दूत (इक्बाल यांनी फारसीतही बरंच). फैज यांनी पंजाबीत लिहिलं, पण अगदी थोडं.

भाषेवर प्रेम पंजाब्यांचंही होतं आणि आहे. पण भाषा पिढ्यान्‌पिढ्या लिहितीवाचती राहते ती शाळा, कचेरी आणि पगार यांच्या बळावर. सिंधीकडे यातल्या दोन गोष्टी होत्या, पंजाबीकडे एकही नव्हती. आणि पाकिस्तानात उर्दू विरुद्ध प्रांतभाषा हा वाद जितका तापतो, तितकं इंग्रजीचं आसन पक्कं होतं, असंही माझं मत झालंय.

परभणीकर_गणेश

धागा मनापासून आवडला. मराठवाड्यातल्या माणसाला यात बरंच ओळखीचं सापडेल.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. तहसिलीतला अर्ज उर्दूत, कोर्टाचा निकाल उर्दूत. ज्यांना ती येत नव्हती त्यांना अर्ज लिहून देणाऱ्याच्या दारात बसावं लागे. आपल्याच गावात, आपल्याच जमिनीच्या कागदात काय लिहिलंय हे कळत नाही, याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.

पण तेच आजोबा उस्मानिया विद्यापीठाचं नाव आदराने घेत. १९१८ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा तिथे उर्दूतून शिकवत. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं आणि त्यात शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. एतद्देशीय भाषेत उच्च शिक्षण होऊ शकतं हे त्या काळात दुसऱ्या कोणी एवढ्या प्रमाणावर करून दाखवलं नाही. एकाच राज्यात एकाच भाषेने हे दोन्ही केलं. आजोबा एकाच दमात दोन्ही सांगत, आणि मला दोन्ही खरं वाटतं.

अजून एक. पाकिस्तानात ज्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात ते मौलवी अब्दुल हक कित्येक वर्षं आपल्या औरंगाबादेत होते. उर्दूच्या प्रसाराचं काम करणाऱ्या 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचं कार्यालय तिथेच होतं, पुढे ते दिल्लीला गेलं. फाळणीनंतर हक कराचीला गेले आणि १९४९ मध्ये त्यांनी तिथे उर्दू कॉलेज काढलं. २००२ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. म्हणजे उर्दूतून विज्ञान शिकवायचा अनुभव असलेली माणसं नव्या देशात होती. तरीही वरचं शिक्षण इंग्रजीतच राहिलं. तुमच्या शेवटच्या वाक्याशी म्हणूनच मी सहमत आहे.

मेधा_सांगली

वाचतेय. एक शंका: सराईकी ही पंजाबीची बोलीच ना? मग वेगळी का मोजतात?

नीरजा_प

@मेधा, मुलतान-बहावलपूरकडचे लोक हे मान्य करणार नाहीत. साठ-सत्तरच्या दशकात त्यांची चळवळ उभी राहिली आणि १९८१ च्या जनगणनेत सराईकी पहिल्यांदा वेगळी मोजली. पंजाबीची टक्केवारी त्यामुळे कमी दिसते हे खरं. पण ख्वाजा गुलाम फरीद यांचं काव्य, दक्षिण पंजाबातली गरिबी, लाहोरबद्दलची तक्रार, हे सगळं त्या नावामागे आहे. बोली की भाषा हे व्याकरणावरून ठरवायला गेलं की वाद संपतच नाही. आपल्याकडे कोकणीवर किती वर्षं गेली ते आठवा.

भावना_उल्हासनगर

या धाग्यावर लिहायलाच हवं होतं. मी सिंधी, जन्म उल्हासनगरचा, शिक्षण मराठी आणि इंग्रजीतून.

नीरजाताई, तुम्ही म्हणता सिंधी टिकली. सिंधमध्ये टिकली, आमच्या घरात नाही. आजी-आजोबा कल्याणच्या छावणीत आले, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. भाषा बरोबर आली पण प्रांत मागे राहिला. १९६७ मध्ये सिंधी भारतीय घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. सगळ्यांना आनंद झाला, पण सरकारी कारभार सिंधीत चालेल असं एकही राज्य नव्हतं. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करत कमी झाल्या. आईला सिंधी वाचता येते, मला बोलता येते, माझ्या मुलाला कळते. तीन पिढ्यांत एवढं झालं.

आणि हे कोणी आमच्यावर लादलं नाही. आम्हीच मुलांना इंग्रजी शाळेत घातलं, कारण व्यापार करायचा होता. म्हणून सक्तीपेक्षा मला प्रांत आणि शाळा यांचा मुद्दा मोठा वाटतो.

अ_कुलकर्णी

चर्चा चांगली चाललीय, पण उर्दूची बाजू कोणी मांडत नाहीये, म्हणून मी मांडतो.

नव्या देशाला एक जोडभाषा हवी होती. पंजाबी घेतली असती तर बाकीच्यांनी 'पंजाबचं राज्य' म्हटलं असतं, तसं ते एरवीही म्हणतात. उर्दू त्या भूभागातल्या कुठल्याच प्रांताची नव्हती, हाच तिचा गुण होता. १९७२ मध्ये सरहद्द प्रांत (आजचा खैबर पख्तुनख्वा) आणि बलुचिस्तानात नॅशनल अवामी पार्टीच्या सहभागाची आघाडी सरकारं आली. हा पक्ष पश्तून आणि बलुच हक्कांसाठी भांडणारा. तरी दोन्हीकडे त्यांनी प्रांताच्या कारभारासाठी उर्दूच निवडली! बलुचिस्तानचा विचार करा: बलुची, पश्तू, आणि कलातकडे ब्राहुई, जी आपल्या कानडी-तेलुगूच्या द्राविड कुळातली. यातली कुठली एक निवडणार? आज पेशावरचा ड्रायव्हर कराचीच्या मालकाशी आणि क्वेट्ट्याच्या दुकानदाराशी उर्दूत बोलतो. हे सिनेमा, दूरदर्शन, बाजार यांनी केलंय, केवळ सरकारने नाही.

नीरजा_प

@अ_कुलकर्णी, १९७२ चा मुद्दा अगदी योग्य. जोडभाषा म्हणून उर्दू यशस्वी झाली हे मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जोडभाषा ही दुसरी भाषा असते. तिला पहिलीच्या वर्गात पहिल्या भाषेच्या जागी बसवलं, तिथे गडबड झाली.

त्याच वर्षी सिंधमध्ये काय झालं तेही पाहा. ७ जुलै १९७२ ला सिंध विधानसभेने सिंधीच्या अध्यापनाचा आणि वापराचा कायदा केला. कराचीत आणि सिंधमधल्या हैदराबादेत दंगली झाल्या, माणसं मेली. 'जंग' दैनिकाने काळी चौकट टाकून रईस अमरोहवींची 'उर्दू का जनाजा है' ही कविता छापली. शेवटी भुट्टोंनी तडजोड केली: बारा वर्षं सिंधी किंवा उर्दू येत नाही म्हणून कोणाचं नोकरीत नुकसान होणार नाही.

दोन्हीकडची भीती समजून घ्यायला हवी. मुहाजिर म्हणजे फाळणीत भारतातून घरदार सोडून आलेले उर्दू बोलणारे लोक, हातात एक भाषा आणि शिक्षण. सिंधी लोकांनी १९४८ मध्ये कराची प्रांतापासून तोडलेली पाहिली होती, १९५५ ते १९७० 'वन युनिट'मध्ये, म्हणजे पश्चिम पाकिस्तानचा एकच प्रांत केला तेव्हा, सिंध हे नावच नकाशावरून गेलेलं पाहिलं होतं, कराची विद्यापीठात परीक्षेची उत्तरं सिंधीतून लिहायची मुभा गेलेली पाहिली होती. इतकं झाल्यावर कायदा मागणं हा दुराग्रह नव्हता.

सुहास_७१

म्हणजे पूर्व पाकिस्तान भाषेमुळेच फुटला असं म्हणायचं का?

अ_कुलकर्णी

फक्त भाषेमुळे नाही. क्रम असा: फेब्रुवारी १९४८ मध्ये धीरेंद्रनाथ दत्त यांनी संविधान सभेत बंगालीलाही जागा मागितली, ती नाकारली गेली. तेव्हा नोटा, पोस्टाची तिकिटं, मनीऑर्डरचे फॉर्म यांवर इंग्रजी आणि उर्दू, बंगाली नाही, आणि देशात बंगाली बोलणारे निम्म्याहून अधिक! मार्चमध्ये जिना ढाक्यात म्हणाले, राज्याची भाषा उर्दूच. ते भाषण इंग्रजीत होतं. त्यांची स्वतःची घरची भाषा गुजराती. २१ फेब्रुवारी १९५२ ला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला.

पण १९५६ च्या घटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीचा दर्जा मिळाला होता. कागदावर प्रश्न सुटला होता. पुढे पैसा, फौजेतलं प्रमाण, आणि १९७० ची निवडणूक जिंकूनही सत्ता न देणं, यांनी देश फुटला. भाषेने अविश्वासाची सुरुवात केली. धीरेंद्रनाथ दत्तांना १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजेने घरातून उचलून नेऊन ठार केलं, हेही नोंदवून ठेवतो. त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

तुषार_दुबई

माझ्या कंपनीत गुजराँवाल्याचा एक सहकारी आहे आणि जालंधरचा एक सरदारजी. दोघं दिवसभर अस्सल पंजाबीत बोलतात. पण एक गुरुमुखी लिहितो, दुसऱ्याला ती वाचता येत नाही. मोबाइलवर निरोप पाठवायचा तर दोघंही रोमन अक्षरांत लिहितात. गुजराँवाल्याचा हा मित्र आपल्या मुलांशी मात्र फोनवर उर्दूत बोलतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, शाळेत पंजाबी बोललं की मुलांना अडाणी समजतात. स्वतःच्या आईशी तो पंजाबीतच बोलतो.

आमच्याकडचा एक पठाण सुपरवायझर मुलांशी पश्तूतच बोलतो. त्याला हा प्रश्न विचारला तर त्याला प्रश्नच कळला नाही.

शिक्षिका_वैशाली

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून वर्गातून विचार करते.

दक्षिण पंजाबातलं खेड्यातलं मूल घ्या. घरी सराईकी. शाळेत पुस्तक उर्दू. पहिलीपासून इंग्रजीही आहे. शिवाय कुराण पठणासाठी अरबी अक्षरं. चार भाषा, आणि जी त्याला येते ती यांतल्या कुठल्याच पुस्तकात नाही. सहा वर्षांचं मूल 'वाचणं' म्हणजे काय हेच अजून शिकत असतं. शब्द ओळखीचा असेल तर अक्षरावरून त्याला अंदाज बांधता येतो. शब्दच परका असेल तर ते फक्त आवाज काढतं. माझ्या वर्गात कोरकू बोलणारी मुलं होती, तेव्हा हे मी जवळून पाहिलंय. घोकून म्हणतात सगळं, पण प्रश्न विचारला की गप्प.

पंजाब सरकारने २००९ मध्ये सरकारी शाळा इंग्रजी माध्यमाच्या करायचं ठरवलं. शिक्षकांनाच ते इंग्रजी पेलत नव्हतं. २०१९ मध्ये प्राथमिक पुन्हा उर्दूत आणायचं जाहीर झालं. म्हणजे इंग्रजीकडून उर्दूकडे आले, पण पंजाबीचा विचारही झाला नाही.

चांगलं उदाहरणही आहे. स्वात खोऱ्यात बहरीन नावाचं गाव आहे, तिथे तोरवाली ही छोटी भाषा बोलतात. तिथल्या लोकांनी स्वतःची संस्था काढून लिपी बसवली, बालवाडीची पुस्तकं तयार केली. मुलं आधी तोरवालीतून वाचायला लागतात, मग उर्दू, मग इंग्रजी. हे मला सगळ्यात आशादायक वाटतं.

राजापूरचा_इरफान

आमच्या कोकणी मुसलमानांतली बरीच कुटुंबं कराचीला गेली. तिथे कोकणी लोकांची सोसायटीसुद्धा आहे. माझी एक चुलत आजी तिकडची. लहानपणी तिचं पत्र यायचं ते उर्दूत, पण फोन आला की बोलायची आमच्या राजापुरी बोलीत, 'कसो हास रे पोरा' म्हणून. तिच्या नातवंडांना ती बोली येत नाही, त्यांची जनगणनेत नोंद उर्दू अशीच होत असणार. उर्दूचा टक्का वाढतोय त्यात अशी गुजराती, मेमनी, कोकणी घरंही असतील असं मला वाटतं.

मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो, पुढे मराठीतून. दोन्ही माझ्याच आहेत. उर्दूबद्दल बोलताना ती पाकिस्तानची म्हणून बोलू नये एवढीच विनंती. मालेगाव-भिवंडीत ती रोजची भाषा आहे.

परभणीकर_गणेश

इरफानभाऊ, शंभर टक्के. आमच्या औरंगाबादेत तर वली आणि सिराज या कवींच्या काळापासून आहे.

सुहास_७१

हे सगळं वाचून २०२५ मधला आपला पहिलीपासून हिंदीचा वाद आठवला. एप्रिलमध्ये शासन निर्णय, जूनमध्ये बदल, २९ जूनला दोन्ही रद्द.

नीरजा_प

@सुहास, साम्य आहे, पण त्यावर वेगळा धागा काढू या. इथे तो विषय सुरू झाला की पाकिस्तान बाजूला पडेल. फरक एवढाच नोंदवते की महाराष्ट्रात मराठी माध्यमाची शाळा आधीपासून उभी आहे. तिच्यावर भार किती टाकायचा हा आपला वाद होता. लाहोरमध्ये पंजाबी माध्यमाची सरकारी शाळाच नाही.

तुषार_दुबई

एक बातमी: जून २०२४ मध्ये पंजाब विधानसभेने नियम बदलले. आता सदस्यांना पंजाबी, सराईकी, पोठोहारी आणि मेवातीत बोलता येतं. आधी उर्दू किंवा इंग्रजीच, दुसऱ्या भाषेत बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी लागायची. माझा गुजराँवाल्याचा मित्र यावर खूश नव्हता. त्याचं म्हणणं, आमदार काय बोलतात त्याने माझ्या मुलाला फरक पडत नाही, पाचवीच्या परीक्षेत पंजाबीचा पेपर असेल तर फरक पडेल.

शिक्षिका_वैशाली

तुषार, तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण पेपर पाचवीत नको, पुस्तक पहिलीत हवं. खैबर पख्तुनख्वाने २०१२ मध्ये आणि बलुचिस्तानने २०१४ मध्ये मातृभाषा शिकवायचे कायदे केलेत. कायदा असला की निदान पालकाला मागणी तरी करता येते. पंजाबने तेवढंही केलेलं नाही.

मेधा_सांगली

भावनाताई, तुमच्या आईला कुठल्या लिपीतली सिंधी वाचता येते? भारतात देवनागरीही चालते ना?

भावना_उल्हासनगर

@मेधा, आईला अरबी लिपीतली. भारतात दोन्ही चालतात आणि त्यावरून आमच्यात बरीच वर्षं वाद झाला. देवनागरीवाल्यांचं म्हणणं, इथली मुलं ती आधीच शिकतात, वेगळा भार नको. अरबीवाल्यांचं म्हणणं, ती सोडली की कवी शाह लतीफपासूनचं सगळं साहित्य आणि आजच्या सिंधमध्ये छापलं जाणारं प्रत्येक पान आपल्याला बंद होईल. त्याआधी हिंदू व्यापाऱ्यांची खुदाबादी लिपी होती. १८६८ मध्ये मुंबई सरकारने ती सुधारून शाळेत आणायचं काम नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे दिलं होतं. कराचीतलं एन. जे. व्ही. हायस्कूल त्यांच्याच नावाचं, आणि मुंबईपासून वेगळं झाल्यावर सिंध विधानसभेच्या पहिल्या बैठका त्याच इमारतीत झाल्या.

माझं स्वतःचं मत अरबी लिपीच्या बाजूने आहे. मी सध्या आईकडून ती शिकते आहे. बावन्न अक्षरांतली बरीचशी जमली, नुक्त्यांची (अक्षरांवरच्या टिंबांची) संख्या अजून चुकते. तिकडची वर्तमानपत्रं नेटवर मिळतात, त्यांचे मथळे वाचून सराव करते. कोणाला सुरुवातीची पुस्तकं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आईकडे दोन-तीन आहेत, त्यांची छायाचित्रं पाठवते.